तीन खाडे

बजाबाई गेल्या थंडीत गेली. गिरणीच्या दवाखान्याने तिच्या जागी आता पांढऱ्या बुटांची शिकलेली नर्स आणली आहे. तीही बाई चांगली आहे, उगाच कुणाला नावं ठेवायची मला हौस नाही. पण परवा कचेरीतल्या एका नव्या कारकुनाने मला विचारलं, "कोण हो ही बजाबाई?" आणि माझं डोकं फिरलं. ज्या चाळीत हा गडी राहतो, तिथल्या निम्म्या पोरांची नाळ तिने कापलेली. वारल्यावर वर्षाच्या आत माणूस असा पुसला जावा?

म्हणून हे लिहायला बसलो. शिवाय मला एक कबुली द्यायची आहे. ती आधीच देऊन टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने मला सज्जन समजून पुढे जायला नको. बजाबाईच्या नातीच्या बाबतीत मी चुकलो, आणि ती चूक फार सुवाच्य अक्षरात केली.

मी रामहरी, मूळचा मोहोळचा. व्हर्नाक्युलर फायनल पास झालो आणि सोलापुरात एका गिरणीत हजेरी-कारकून म्हणून चिकटलो. कामगारांची हजेरी लिहायची, खाडे मोजायचे, महिनाअखेर वही साहेबाच्या टेबलावर ठेवायची. हजेरीखात्यात एक नियम होता आणि तो आम्हाला आरतीसारखा पाठ होता: लागोपाठ तीन खाडे, की नाव कमी. माणूस आजारी असो, गावी लग्नाला गेलेला असो, नाहीतर मेलेला असो, नावावर लाल शाईची रेघ मारायची आणि पुढच्या महिन्याच्या पानावर त्याला उतरवायचंच नाही. वही स्वच्छ राहते. माझी वही तर इतकी स्वच्छ असायची, की हेडक्लार्क ती दुसऱ्यांना दाखवायचे. त्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं फुगून होतो.

बजाबाई सांगोल्याकडची, धनगराघरची. मानमोडीच्या तापाच्या साथीत नवरा आठ दिवसांत गेला, तेव्हा कडेवर केरा नावाची पोर आणि दाव्याला एक शेळी एवढं घेऊन ती सोलापूरला आली. आधी गिरणीत सुताच्या कांड्या भरल्या. मग चाळीतल्या एका बाईची अडलेली सुटका तिने केली, दुसरीची केली, आणि बघता बघता ती सुईण झाली. दवाखान्याने तिला ठेवून घेतलं ते औषधपाण्यासाठी नव्हे. चाळीतल्या बाया डॉक्टरला भीत, म्हणून त्यांना आणि त्यांच्या पोरांना धरून आणायला कुणीतरी हवं होतं. ती पोराला उचलून कडेवर घेई, एकदा हलवी आणि म्हणे, "अकरा रत्तल. जरा कमीच." पुढे दवाखान्यात वजनं सुरू झाल्यावर बघितलं, तर काट्यावर अकराला दोन औंस कमी भरायचं. अक्षर म्हणाल तर तिला काळं का गोरं ठाऊक नव्हतं.

एकोणीसशे तेहतीस साली दवाखान्यात नवा डॉक्टर आला. मुंबईत शिकलेला, तरणा, मनाने चांगला. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून कुणी त्याला लबाड म्हणेल. तो लबाड नव्हता. मुंबईच्या एका औषध कंपनीने त्याच्याकडे पेट्याच्या पेट्या पाठवल्या. तपकिरी पाक, वर पिवळी चिठ्ठी. नाव लांबलचक होतं, ते कुणाच्याच जिभेवर बसलं नाही; सगळे तिला पिवळी बाटली म्हणायचे. डॉक्टरने व्हरांड्यात बायांना बसवून समजावलं, की अन्नात डोळ्यांना न दिसणारं एक सत्त्व असतं, त्याला व्हायटमिन म्हणतात, ते कमी पडलं की पोर खुरटतं, आणि या बाटलीत ते भरलेलं आहे.

"दिसत न्हाय म्हंता," बजाबाई मागून म्हणाली, "मग भरताना भरलं का न्हाय, त्ये कसं कळलं वो?"

सगळ्या बाया हसल्या. डॉक्टरही हसला. म्हणाला, "तेच तर आपण बघणार आहोत, बजाबाई."

बघायची तऱ्हा अशी. दोन वर्षांच्या आतली चौऱ्याण्णव पोरं निवडली. आया सकाळी कामावर जाताना दवाखान्याच्या दारात थांबायच्या आणि पोराला एक चमचा पाजला जायचा. दर रविवारी सगळ्यांचं वजन. असं सहा महिने. वजनं लिहायला सुवाच्य अक्षराचा माणूस हवा म्हणून माझी मागणी झाली आणि हेडक्लार्कने मला मोठ्या अभिमानाने उसना दिला.

पहिल्याच रविवारी पंचाईत झाली. तान्ह्या पोराला तराजूत घालू नये, त्याचं आयुष्य मोजल्यासारखं होतं, असं आमच्याकडे मानतात. बाया पदराखाली पोरं झाकून उभ्या, काट्याजवळ कुणी येईना. डॉक्टर समजावून घामाघूम झाला. बजाबाईने घरून ज्वारी आणली. काट्याला टांगलेल्या झोळीत आधी मूठभर ज्वारी टाकायची, मग पोर ठेवायचं, आणि मोठ्याने म्हणायचं, "जुंदळं जोकतोय गं बाय, जुंदळं." झालं. बाया रांगेत आल्या. मी प्रत्येक आकड्यातून मुठीचे दोन औंस वजा करत होतो. तिची मूठ सहा महिन्यांत कधी कमीजास्त झाली नाही, हे मी दोनदा तपासून बघितलं.

पण आकड्यांची शिस्त तिला मान्य नव्हती. मैंदर्गीकडची एक अक्कम्मा होती, कानडी बोलणारी, तिचा गुंडा म्हणून दहा महिन्यांचा मुलगा. आधी बरा होता, मग दोन रविवार वजन उतरलं, मग तो यायचाच बंद झाला. तिसऱ्या खाड्याच्या दिवशी मी लाल शाईची दौत उघडली, तेव्हा बजाबाई वहीशेजारी येऊन बसली.

"भाऊ, गुंडा गेला."

"कुठे? मैंदर्गीला?"

"गेला म्हनलं की."

मला कळलं. वाईटही वाटलं, मी काही दगड नाही. पण हात सवयीने चालला आणि रेघ ओढून झाली.

"काय लिवलं?" तिने विचारलं.

"नाव कमी केलं."

"कशानं कमी झालं, त्ये न्हाय लिवलं?"

"त्याला रकाना नाही, बजाबाई."

तिने त्या रेघेवर बोट टेकवलं. मग म्हणाली, "जी आली त्येंचं लिवता. जी न्हाय आली, त्येंचं कोन लिवनार?"

"जे आलंच नाही, त्याचं वजन कसं करणार?" मी म्हणालो. आजूबाजूचे लोक हसले, आणि कारकुनाला वाटतो तसा मलाही माझ्या उत्तराचा अभिमान वाटला. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

सहा महिने संपले. दर महिन्याला मी नवं पान केलं आणि रेघ मारलेली नावं नव्या पानावर उतरवली नाहीत. शेवटच्या पानावर एकसष्ट नावं होती. त्याच पानाची स्वच्छ नक्कल करून मी डॉक्टरच्या हाती दिली. त्यातल्या अठ्ठावन्न पोरांचं वजन वाढलं होतं. एकसष्टांत अठ्ठावन्न! डॉक्टरचे डोळे भरून आले. त्याने रिपोर्ट लिहिला, मुंबईच्या एका मासिकात तो छापून आला आणि त्यात शेवटी माझेही आभार होते. चौऱ्याण्णवांचा आकडा त्यात कुठेच नव्हता. डॉक्टरने लपवला नाही. त्याच्यासमोर तो आकडा राहिलाच नव्हता. त्याने विचारायला हवं होतं, हे खरं. मी सांगायला हवं होतं, हे त्याहून खरं.

कंपनीने मग मराठी आणि कानडीत जाहिराती काढल्या. "सोलापुरातील एकसष्ट बालकांवर शास्त्रोक्त प्रयोग. दुधाची उणीव भरून काढणारे." नव्या पेठेतल्या दुकानांच्या खांबांवर त्या चिकटल्या. त्यातली एक मी घडी करून खिशात ठेवली आणि मोहोळला गेलो की भावकीला दाखवू लागलो. छापलेल्या कागदाला आपल्याकडे देवाच्या खालोखाल मान असतो, आणि हा कागद तर माझ्या वहीतून निघालेला.

पुढल्या वर्षी केराला मुलगी झाली. केरा, म्हणजे बजाबाईची एकुलती एक लेक, गिरणीत कांड्या भरायची. तिच्या नवऱ्याने दुसरी केली होती, म्हणून ती आईकडेच राही. मुलीचं नाव म्हाळसा ठेवलं. मी पुष्कळ पोरं पाहिली, पण ही पोर कुणालाही बघून तोंडभर हसायची, अगदी माझ्यासारख्या तोंड पाडून बसणाऱ्यालासुद्धा. केरा दीड महिन्यात कामावर गेली आणि तिचं दूध आटत गेलं. तरी अडलं नाही, कारण दारात शेळी होती. सांगोल्याहून आणलेल्या शेळीचीच ही तिसरी-चौथी पिढी. बजाबाई सकाळ-संध्याकाळ धार काढायची आणि कोमट करून नातीला पाजायची. आठव्या महिन्यात म्हाळसा तेरा रत्तल भरली.

तेवढ्यात चाळीचा हुकूम आला. साथीच्या भीतीने चाळीत जनावर ठेवायला बंदी, आठ दिवसांत हलवा. बजाबाईने हातापाया पडून पाहिलं, काही झालं नाही. गवळ्याचं दूध रोज परवडणारं नव्हतं. आता दोनच वाटा होत्या. रेल्वेच्या पलीकडे उघड्या माळावर एक खोपट मिळत होतं; तिथे शेळी ठेवता आली असती, पण चाळीतली खोली कायमची सोडायची आणि केराने पहाटे अंधारात एकटीने माळ तुडवत गिरणीला यायचं. नाहीतर शेळी सांगोल्याला भावाकडे धाडायची आणि नातीला पिवळ्या बाटलीवर वाढवायचं. दवाखान्यातली म्हणून तिला बाटली फुकट मिळत होती.

रविवारी ती माझ्याकडे आली. म्हाळसा कडेवर, हातात तीच जाहिरात.

"भाऊ, ह्यात काय लिवलंय त्ये मला नीट वाचून दावा."

मी वाचून दाखवलं. दुधाच्या ओळीशी तिने मला थांबवलं.

"दुदाची उनीव भरून काडतं म्हंजी? दूद नसलं तरी चालतंय?"

"तसंच लिहिलंय."

"लिवलंय त्ये दिसलं मला. खरं हाय का, त्ये सांगा. खरं असलं तर शेळी धाडते. खोटं असलं तर खोपटात जाते. केराला मी पोचवीन की रोज गिरणीपत्तुर, माजे पाय काय मोडल्यात का? तुमी वहीत समदं लिवलंय. मला बाकी कुनाचं नगं, तुमी सांगा."

आता मी कबुलीपाशी आलो. मला ठाऊक होतं का? चौऱ्याण्णवांची एकसष्ट झाली, हे ठाऊक होतं. गुंडा ठाऊक होता. पण दोन गोष्टी ठाऊक असणं वेगळं आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून बघणं वेगळं. मी कधी ठेवल्या नव्हत्या. मला दिसत होतं ते माझं छापलेलं अक्षर, डॉक्टरचे भरून आलेले डोळे, आणि समोर एक बाई, जी डॉक्टरला सोडून मला विचारत होती. माणूस असा चढतो.

"खरं आहे, बजाबाई," मी म्हणालो. "वही माझ्या हातची आहे."

गुरुवारी तिचा भाऊ हरिबा बाजारच्या निमित्ताने आला आणि शेळी घेऊन गेला. बजाबाईने शेळीला अर्धी भाकरी चारली, दावं त्याच्या हातात दिलं आणि पाठ फिरवून घरात गेली. शेळी गल्लीच्या टोकापर्यंत ओरडत होती. म्हाळसाला त्याची गंमत वाटून ती आमच्या अंगाखांद्यावर उसळत हसत होती.

बाटली सुरू झाली. ज्वारीच्या पेजेत एक चमचा, दिवसातून तीनदा. प्रयोग कधीच संपला होता, पण दवाखान्याची रविवारची लिखापढी माझ्याकडेच राहिली होती; बजाबाई दर रविवारी नातीला काट्याला लावी आणि मी एका चिठोऱ्यावर लिही. तेरा. मग साडेबारा.

"उतरलं की, भाऊ."

"आधी थोडं उतरतं, मग चढतं," मी म्हणालो.

हे मी कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. डॉक्टर म्हणाला होता? नाही. तिचा चेहरा बघवेना, म्हणून माझ्या तोंडून निघालं, आणि निघालं ते इतक्या ठाम सुरात, की मलाच खरं वाटलं. तिसऱ्या रविवारी म्हाळसा पुरती बारासुद्धा भरली नाही. हसणं राहिलं होतं, पण हसताना आता कपाळाला सुरकुत्या पडत.

बजाबाईने पोरीला झोळीतून काढलं, अंगडं नीट केलं आणि शांतपणे विचारलं, "तुमच्या वहीत आधी कुनाकुनाचं उतरलं व्हतं? आन मग कुनाकुनाचं चडलं?"

"बघून सांगतो," मी म्हणालो.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत मी कपाटातून कच्ची वही काढली. पक्की नव्हे, कच्ची; जिच्यात सहाही महिन्यांची पानं होती. जेवणाचा डबा तसाच ठेवून एकेक नाव बोटाने धरून बघू लागलो. ज्यांचं वजन लागोपाठ दोन रविवार उतरलं होतं, अशी अठरा पोरं निघाली. अठरांतल्या पंधरांपुढे पुढच्या रविवारी गैरहजर. त्यापुढे गैरहजर. त्यापुढे गैरहजर. मग माझी सरळ, पट्टीने ओढलेली रेघ. उतरून पुन्हा चढलेली पोरं फक्त तीन.

ज्यांचं उतरलं, ती माझ्या वहीतून बाहेर गेली होती. ज्यांचं चढलं, ती आत राहिली होती. मग एकसष्टांत अठ्ठावन्न चढणार नाहीत तर काय होणार? चाळणीतून पीठ गाळून घ्यायचं आणि मग म्हणायचं, बघा, या पिठात कोंडाच नाही!

मी तसाच उठलो आणि बजाबाईकडे धावलो. काम सोडून चाळीत पळत गेलेला हजेरी-कारकून लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला असेल. "शेळी परत आणा," एवढंच म्हणू शकलो. तिने कारण विचारलं नाही. माझ्याकडे एकदा बघितलं आणि डोक्यावर पदर घेऊन ती सांगोल्याला निघाली. पण हरिबा मेंढरं घेऊन चरायला दूर निघून गेला होता. आज इथे तर उद्या तिथे, त्याचा माग लागेना. शेळीही कळपाबरोबर गेलेली. मी गवळ्याकडून दूध आणलं. तोपर्यंत म्हाळसाला हगवण लागली होती आणि पोटात काही ठरत नव्हतं. डॉक्टर दोनदा येऊन गेला. शनिवारी सकाळी केराच्या मांडीवर ती गेली.

मी पोचवायला गेलो होतो. एवढ्याशा खड्ड्यावर सगळ्यांत जास्त माती मीच ओढली, आणि लोकांना वाटलं, बघा, परक्याच्या पोरीसाठी कारकून किती कळवळला.

दहा-बारा दिवस बजाबाई दवाखान्यात आली नाही. मग एका रविवारी आली आणि माझ्यासमोर बसली. डोळे कोरडे, आवाज बसलेला.

"ती वही काडा. रेगा मारल्याली समदी नावं वाचा."

तेहतीस नावं होती. मी एकेक वाचत गेलो आणि ती सांगत गेली. एकदाही अडखळली नाही. हा गव्हाळ रंगाचा, डाव्या कानाला भोक, गेला, हगवणीनं. ही गावी गेली, अजून हाय. ह्येला बाटली पचत न्हवती, आय आनायची बंद झाली. आता पळतंय की गल्लीत. ही गेली, तापानं. गुंडा गेला. सात पोरं गावी गेलेली, सात पोरांच्या आयांनी बाटली सोडलेली. उरलेली एकोणीस मेलेली. वही माझ्याजवळ होती, पण हिशेब तिच्याजवळ होता, आणि तो तिने मला पहिल्या दिवसापासून देऊ केला होता.

"आन अजून एक," ती म्हणाली. "पलीकडच्या चाळीतली लेकरं. त्येंनी बाटली कंदी बगितली बी न्हाय. ती बी वाडलीच की ह्या सा म्हैन्यांत. मी उचलून बगत व्हते की. लेकरू जगलं म्हंजी वाडनारच."

याही गोष्टीला आमच्या वहीत जागा नव्हती. मी वेगळ्या कागदावर सगळं नीट लिहिलं: एकोणीस नावं, वय, कधी गेलं, कशाने गेलं. खाली पलीकडच्या चाळीबद्दल दोन ओळी. मग एकट्याने बसून शेवटी विसावं नाव लिहिलं, म्हाळसा. दुसऱ्या दिवशी कागद डॉक्टरपुढे ठेवला.

त्याने तो दोनदा वाचला. "रामहरी, हे तेव्हाच का नाही सांगितलंत?" तो म्हणाला. मग खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पण यावरून ही मुलं बाटलीने गेली, असं ठरत नाही. हगवण, ताप... ती एरवीही गेली असती."

मला एवढा संताप आला, की मी नमस्कार न करता बाहेर पडलो. त्याच्याशी न्यायाने वागायचं तर हेही सांगतो: त्याने त्याच आठवड्यात कंपनीला पत्र लिहिलं आणि मासिकालाही. कंपनीचं उत्तर आलं नाही. मासिकाने पत्र छापलं नाही. वर्षभराने तो बदली मागून निघून गेला. नव्या पेठेतल्या जाहिरातींवर पावसाने रंग गेला, की नव्या चिकटत. आजही चिकटतात, आणि अजून त्यांत तेच एकसष्ट.

डॉक्टरकडून मी तडक बजाबाईच्या खोलीवर गेलो. ती दारात सूप घेऊन ज्वारीतले खडे वेचत होती. केरा कामावर गेलेली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाला तेही, दातओठ खात. मला वाटलं होतं, तीही भडकेल. तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"खरं हाय त्येचं," ती म्हणाली.

"काय खरं आहे? एकोणीस पोरं—"

"बाटलीनं मेली, आसं आपुन कुटं बगितलं, भाऊ? हितं लेकरं बाटली नसतानाबी मरत्यात. पन मग त्येनं बी तसंच म्हनायला पायजे व्हतं की. जी वाडली ती बाटलीनं वाडली, आसं त्येनं तरी कुटं बगितलं?"

मी खाली बसलो. फायनल पास झालेला मी, मुंबईत शिकलेला डॉक्टर, मासिकवाले, कंपनीवाले. एवढ्या जणांना जे सहा महिन्यांत आणि नंतर वर्षभरात सुचलं नाही, ते या बाईने खडे वेचता वेचता सांगून टाकलं.

"तो कागद वाचा की," ती म्हणाली. "समदी नावं वाचा एकदा."

मी वाचलं. प्रत्येक नावाला ती मान हलवत होती. एकोणीस झाली आणि मी विसावं वाचलं, तशी तिने हात वर केला.

"त्ये खोडा."

"का?"

"ती ह्या लेकरांतली न्हवं. ह्येंचं कशानं झालं, त्ये आपल्याला ठावं न्हाय. म्हाळसाचं ठावं हाय." तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "तिचं दूद मी तोडलं."

"मी तोडलं, बजाबाई," मी म्हणालो. "तुम्ही मला विचारलं होतं."

तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. अशा वेळी माणसं एकमेकांना म्हणतात, नाही हो, तुमचा काय दोष. लेकरू गेलेल्या चाळीतल्या कितीतरी बायांना, त्यांचे हात हातात घेऊन, बजाबाईने ते म्हटलेलं मी स्वतः ऐकलं होतं. पुढे तीन वर्षं दर रविवारी आम्ही दवाखान्याच्या एकाच व्हरांड्यात काम केलं, शेवटपर्यंत तिने मला भाऊच म्हटलं, तिच्या हातची भाकरीही मी खाल्ली. पण ते वाक्य मात्र ती मला कधीच म्हणाली नाही.